टेकाडाचा बांध आणि कौसाक्काचा पाहुणचार

एका जंगलात पाऊस सगळ्यांवर सारखा पडायचा, पण पाणी मात्र ठरावीक लोकांच्याच घरात शिरायचं.

मुलांनो, हे नीट ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे मला सारखं थांबवावं लागणार नाही. नदीकाठी एक उंच टेकाड होतं. तिथे सिंहमहाराज राहत, राणीसाहेब राहत, हत्ती आणि सांबरं राहत. सरकारी कामावर असलेले पक्षीही तिथल्याच झाडांवर राहत, कारण तिथून सगळं छान दिसतं. टेकाडाच्या पायथ्याशी जमीन खोलगट होत गेली होती. तिला खालवाडी म्हणत. तिथे उंदीर, ससे आणि चिचुंद्र्या बिळं करून राहत. तिथेच का राहत, असं विचारू नका. टेकाडावर जागा शिल्लक नव्हती, आणि जी होती ती सांबरांना संध्याकाळी फिरायला लागायची.

खालवाडीत कौसाक्का नावाची चिचुंद्री होती. तुम्ही चिचुंद्री पाहिली नसेल, पण तिचा वास घेतला असेल. दिसायला ती उंदरासारखी असते, पण तिला उंदीर म्हटलेलं खपत नाही. डोळ्यांनी अधू, नाकाने तिखट. चिचुंद्र्यांची एक रीत आहे, आणि ती काही मी मनाने रचलेली नाही. बाहेर पडायचं झालं की आई पुढे होते. पहिलं पिल्लू आईच्या शेपटीपाशी दातांनी धरतं, दुसरं पहिल्याला धरतं, तिसरं दुसऱ्याला, आणि अशी वरात निघते. आईला मागे वळून बघावं लागत नाही. मागून ओढ लागत असली की समजायचं, पोरं येतायत.

दर पावसाळ्यात नदी खालवाडीत यायची. कौसाक्का पोरांची वरात घेऊन टेकाडाच्या उतारावर चढायची, पाणी ओसरलं की परत यायची, गाळ उपसायची आणि पुन्हा संसार मांडायची. तिला यात काही विशेष वाटत नसे. आपल्याकडे असंच असतं, असं ती म्हणायची.

मग एका वर्षी पाणी नेहमीपेक्षा जोरात आलं. कौसाक्का वरात घेऊन निघाली. मागून ओढ लागत होती, म्हणून ती वळली नाही. उतारावर पोहोचल्यावर तिने वळून एकेकाला हुंगलं, तेव्हा शेवटची ठमी नव्हती. ओढ पहिल्या पिल्लाची होती. शेवटच्याची आईपर्यंत पोहोचतच नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

कौसाक्का खूप रडली. पाणी उतरेपर्यंत रडली. ठमी सगळ्यांत लहान होती आणि झोपेत पाय झाडायची. ठमी काही परत आली नाही. गोष्टीत सगळेच परत येतात असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्याने तुम्हाला फसवलं आहे.

आता या जंगलात पूरनिवारण निधी नावाची एक गोष्ट होती. सगळ्या प्राण्यांनी आपल्या चाऱ्यातून, दाण्यातून थोडं थोडं द्यायचं, आणि जिथे पूर येईल तिथे त्यातून बांध घालायचा, असा महाराजांचा हुकूम होता. खालवाडीचे उंदीर तर आधी निधीचे दाणे बाजूला काढत आणि मग जेवायला बसत. हुकूम चांगलाच होता. हुकूम नेहमी चांगलेच असतात.

बांध कुठे घालायचा हे पाहणी समिती ठरवायची. समितीचे अध्यक्ष होते बगळेसाहेब. अंगाला कधी डाग नाही, आवाज कधी चढलेला नाही, आणि एका पायावर उभं राहून विचार करायची सवय. सोबत दोन पाणकोंबड्या असायच्या. त्या मान हलवायच्या.

खालवाडीतला म्हातारा उंदीर खंडूतात्या एके सकाळी धापा टाकत आला. उद्या बगळेसाहेब खालवाडी बघायला येणार, असं तो सांगत सुटला. खालवाडीत आजवर सरकारी कोणी आलं नव्हतं. एक बहिरी ससाणा अधूनमधून यायचा, पण तो खाजगी कामासाठी.

कौसाक्काने बिळाबाहेर पाहिलं. सगळीकडे गाळ. दारात कुजकी पानं, भिंती ओल्या, कुबट वास. आणि उद्या घरी पाहुणे येणार.

मुलांनो, तुमच्या घरी पाहुणे यायचे असले की तुमची आई काय करते? बस, तेच झालं. कौसाक्काने पदर खोचला. चिचुंद्रीला पदर नसतो हे मला माहीत आहे, तुम्ही मध्ये बोलू नका. तिने सगळ्या बायकांना हाक घातली. गाळ उपसून नदीत लोटला. टेकाडावरून घरंगळत आलेलं हत्तीचं शेण कालवून घरं सारवली. सशिणींनी पानं झाडून काढली. दारोदार सडा पडला, रांगोळ्या आल्या. खंडूतात्याने आपली वाहून आलेली मोडकी खाट झुडपामागे लपवली. संध्याकाळपर्यंत खालवाडी अशी दिसायला लागली की पाणी तिथे कधी आलंच नव्हतं, फार तर पाया पडून गेलं असावं.

खायचं काहीच उरलं नव्हतं. कौसाक्काने पोरांसाठी सांदीत दडवलेले थोडे नाकतोडे बाहेर काढले आणि भाजले.

दुसऱ्या दिवशी बगळेसाहेब आले. त्यांनी एका डबक्यात पाय घालून पाहिला आणि पाणी गुडघ्याच्याही खाली असल्याचं पाणकोंबड्यांना सांगितलं. पाणकोंबड्यांनी मान हलवली. डबक्यात नदीने सोडलेले मासे अडकले होते. साहेबांनी पाहणीचा भाग म्हणून ते खाऊन पाहिले. सगळेच खाऊन पाहिले. मग ते रांगोळीवर पाय न देता कौसाक्काच्या दारात आले. वास येऊ नये म्हणून चोच वाऱ्याकडे केली आणि फार प्रेमाने विचारलं,

"काय बाई, सगळं ठीक आहे ना?"

ठमीचं नाव कौसाक्काच्या अगदी तोंडापर्यंत आलं. पण दारात पाहुणा उभा होता. त्याच्या तोंडात अजून तिच्या घरचा घास पडला नव्हता. अशा वेळी रडगाणं गायचं नसतं, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं, आणि आईला तिच्या आईने.

"तुमच्या आशीर्वादानं बरं हाय, साहेब," ती म्हणाली. "दोन घास खाऊन जावा."

साहेबांनी नाकतोडे खाल्ले, छान झाल्याचं सांगितलं आणि ते टेकाडाच्या पाहणीला गेले.

टेकाडावर पाणी चढलंच नव्हतं. फक्त राणीसाहेब नदीच्या अंगाला ज्या जांभळाखाली दुपारी पहुडायच्या, त्याच्या मुळांची थोडी माती गेली होती. पण टेकाडाला सरकारी पाहणीचा सराव होता. तिथे कोणी काडी उचलली नव्हती. कधीतरी मोडून पडलेली एक फांदी ओढून आणून जांभळाखाली आडवी टाकली होती. एक हत्ती मुद्दाम बरेच दिवस अंघोळीविना चिखलात उभा होता. सांबरांनी उसासे टाकायच्या पाळ्या लावल्या होत्या. राणीसाहेबांनी तर साहेबांना बसासुद्धा म्हटलं नाही, नुसती मान फिरवली. बगळेसाहेबांचं काळीज हललं.

त्यांचा अहवाल दरबारात वाचला गेला. खालवाडीतले रहिवासी समाधानी असून त्यांनी स्वतः तसं सांगितलं आहे, परिसर स्वच्छ आहे, पाण्यामुळे माशांची आवक वाढली आहे, आणि याला पूर न म्हणता हंगामी लाभ म्हणणं योग्य होईल, असं त्यात होतं. टेकाडाची अवस्था मात्र बघवत नाही. सबब निधीतून टेकाडाला बांध घालावा आणि खालवाडीला आदर्श वस्ती म्हणून गौरवावं. गौरवाचं पळसाचं पान खंडूतात्याच्या हाती देण्यात आलं. त्याला आधी वाटलं, याच्यावर काहीतरी वाढणार आहेत.

"तू साहेबांना बरं हाय म्हणालीस, म्हून आपला बांध वर गेला," तो कौसाक्काला म्हणाला.

"मग काय म्हणू, तात्या? माझं पोर वाहून गेलं, आता तुम्ही नाकतोडे खावा, असं म्हणू?"

खंडूतात्या हातातलं पळसाचं पान उलटसुलट करू लागला. त्याने आपली खाटही लपवली होती, हे त्यालाच आठवलं असावं.

कौसाक्काला त्या दिवशी साहेबांचा नाही, स्वतःचा राग आला. ती टेकाड चढून साहेबांच्या झाडाखाली गेली, खरं ते सांगायला. साहेब एका पायावर विचार करत होते. पाहणी वर्षातून एकदाच होते, पुढचा पूर आला की यावं, असा निरोप पाणकोंबड्यांनी दिला. आणि त्यांनी मान हलवली.

इकडे बांधाचं काम डुकरेशेठ या रानडुकराला मिळालं. ठरल्याप्रमाणे दगड बसवायचे होते, मध्ये चिकणमाती कुटायची होती. शेठने नदीकाठची भुसभुशीत माती मुसंडीने लोटली, ढीग लावला आणि वरून हिरवळ अंथरली. दगडांचं काय झालं ते शेठच्या नव्या घराकडे पाहिलं की समजायचं. महाराजांनी पंजाने वेल तोडून उद्घाटन केलं. बगळेसाहेबांचं भाषण झालं. आता नदी टेकाडाला भीत राहील, असं ते म्हणाले.

नदी टेकाडाला भ्याली की नाही कोण जाणे, पण पुढच्या पावसाळ्यात तिने तिकडून अंग काढलं आणि खालवाडीकडे वळवलं. पूर्वी पाणी यायला वेळ लावायचं. आता पहिल्याच सरींत ते बिळाच्या उंबऱ्याशी आलं. खरा पाऊस अजून पुढेच होता.

कौसाक्काला तेव्हा नवी पिल्लं झाली होती. त्यांतलं शेवटचं फार बारीक होतं आणि तेही झोपेत पाय झाडायचं. तिने त्याचं नाव बारक्या ठेवलं होतं. उंबऱ्याशी आलेलं पाणी हुंगून कौसाक्का घाबरली. पुन्हा वरात घेऊन त्याच पाण्यातून जायचं, आणि पुन्हा वर जाऊन हुंगायचं, ही कल्पनाच तिला सहन होईना.

तिने यंदा एक नवी रीत काढली. चालताना शेवटच्याने ओरडायचं. शेपटी तोंडात धरायची, पण अधूनमधून ती सोडून मोठ्याने "आहे" म्हणायचं, पुन्हा धरायची. आई थांबेल. आवाज आला की मगच पुढे पाऊल. पाहुणे असोत, राजा असो, ओरडायचं. बारक्याला हे फार आवडलं. तो झोपेतही "आहे" म्हणायला लागला.

आणि जायचं कुठे? कौसाक्काने नाक वर केलं. टेकाडाकडून ओल्या, मऊ, नुकत्या लोटलेल्या मातीचा वास येत होता. वास बांधाचा होता. चिचुंद्रीला घरासाठी याहून चांगली माती मिळत नाही. उंचावर, पाण्याच्या वर, आणि नख लावलं की उकरली जाणारी.

हे मी स्पष्टच सांगतो, की कौसाक्काच्या मनात कसलाही डाव नव्हता. तिला पोरांसाठी कोरडी जागा हवी होती, एवढंच. ती वरात घेऊन बांधावर गेली, बारक्याचा आवाज ऐकला आणि हिरवळीखाली बीळ उकरलं. जागा उत्तम निघाली. मागून तिच्या बहिणी आल्या, मग मावश्या, मग खंडूतात्या आपल्या मोठ्या खटल्यासह आला, मग ससे आले. सगळी खालवाडी बांधात राहायला आली. बिळाला बीळ जोडलं गेलं, बोळ झाले, येण्याजाण्याचे रस्ते झाले. शेवटी नदीकडून शिरलं की जांभळाकडून बाहेर पडता यायला लागलं. इतके दिवस निधीला दाणे दिले ते वाया गेले नाहीत, असं खंडूतात्या समाधानाने म्हणाला.

मग खरा पाऊस लागला.

नदी बांधाला येऊन भिडली आणि त्याच्याआड कधी नव्हती इतकी उंच तुंबली. तिने बांधाचं वजन जोखलं, बोळ पाहिले, आणि जिथून चिचुंद्र्या जात होत्या तिथून तीही गेली. भर दुपारी बांधाचं पोट सुटलं. कौसाक्काला पायाखालची माती सरकताना कळली आणि ती ओरडली. वरात बाहेर पडली, खंडूतात्याचं खटलं बाहेर पडलं, ससे बाहेर पडले. यंदा लांब जायचं नव्हतं. टेकाड मागेच होतं. मागून "आहे" ऐकू येईपर्यंत कौसाक्का एकेक पाऊल टाकत होती, आणि प्रत्येक वेळी "आहे" ऐकू आलं. पाठीशी पाणी गरजत होतं आणि त्यातून तो चिमुकला आवाज येत होता. कौसाक्का चालता चालता रडत होती, पण हे रडणं वेगळं होतं.

ती ज्या पहिल्या कोरड्या दारात शिरली, ती महाराजांची गुहा होती. तिच्या मागोमाग सगळी खालवाडी शिरली. आणि खालवाडीच्या मागोमाग नदी शिरली.

राणीसाहेबांचे पाय भिजले.

आणि जंगलात पहिल्यांदाच पूर आला. म्हणजे तसं जाहीर झालं. दवंडी फिरली, हत्ती धावले, सांबरांनी खरेखुरे उसासे टाकले. बगळेसाहेबांना तातडीने बोलावणं गेलं. ते उडत आले आणि गुहेच्या दारात उतरले. आत महाराज एका उंच दगडावर अवघडून बसले होते. शेजारच्या दगडावर कौसाक्का पोरांसह बसली होती. दोघांत फारसं अंतर नव्हतं, कारण कोरडे दगडच थोडे होते.

चौकशी सुरू झाली. बांध कसा फुटला, हे साहेबांनी कौसाक्काला जरा कडक आवाजात विचारलं. बांधात राहायला कोणी सांगितलं होतं? गेल्या वर्षी तर सगळं ठीक होतं, तुम्हीच म्हणाला होतात.

कौसाक्काने त्यांच्याकडे पाहिलं. तिला साहेब पांढुरकेच दिसत होते, पण तेवढं पुरेसं होतं.

"ठीक नव्हतं, साहेब. माझी ठमी वाहून गेली होती. तुम्ही दारात आला त्याच्या आधीच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा तुम्ही माझ्या घरी आला होता. आज मी तुमच्याकडं आलेय. आता मला विचारा, सगळं ठीक हाय का म्हणून."

साहेबांनी विचारलं नाही. महाराजांनी आयाळ पिळली. ठमीचं ऐकून त्यांना वाईट वाटलं, हे मी नाकारत नाही. त्यांनी तसं म्हणूनही दाखवलं. फारच वाईट झालं, असं ते म्हणाले, आणि पाणकोंबड्यांनी मान हलवली. त्यावर काय करायचं, हा विषय मात्र निघाला नाही.

तेवढ्यात राणीसाहेबांनी ओले पाय झटकत एक साधा प्रश्न विचारला. टेकाडाचा बांध पुन्हा बांधला, तर ही मंडळी पुढच्या पावसाळ्यात काय करणार?

"तिथंच येऊ," कौसाक्का म्हणाली. "आमच्याकडं पाणी आलं की आम्ही बांधातच येणार, राणीसाहेब. माती झ्याक हाय."

बोळ आता पाठ झाले आहेत, असं खंडूतात्याने अदबीने पुढे जोडलं.

महाराजांनी बगळेसाहेबांकडे पाहिलं. बगळेसाहेबांनी, नोकरीत प्रथमच, दुसरा पाय खाली टेकला.

खालवाडीचा बांध त्याच आठवड्यात मंजूर झाला. पावसाने उघडीप देताच काम सुरू झालं. यंदा डुकरेशेठला दगडच बसवायला लावले, आणि ते त्याच्या घराचे काढून आणले, कारण माती घातली तर ही मंडळी पुन्हा उकरतील अशी टेकाडाला धास्ती होती. बांध इतका पक्का झाला की नदी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. बांधाच्या टोकाला सरकारने पाटी लावली. तिच्यावर खालवाडीचं नाव नव्हतं. 'टेकाडाच्या बांधाचे चिचुंद्र्यांपासून संरक्षण' असं लिहिलं होतं.

कौसाक्काला वाचता येत नव्हतं. खंडूतात्याने वाचून दाखवलं आणि तो चिडला. आपण काय रोग आहोत का, असं म्हणून पाटी कुरतडायला निघाला. कौसाक्काने त्याला थांबवलं. पाटी राहू द्या, म्हणाली, ती आहे तोवर बांधाची डागडुजी होत राहील.

पुढच्या पावसाळ्यात नदी फुगली आणि बांधाच्या बाहेरून निघून गेली. खालवाडीत पाणी आलं नाही. कौसाक्का घरातच होती, तरी सवयीने रोज पोरांची वरात करायची, बिळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची आणि थांबायची. मागून बारक्या "आहे" म्हणायचा. मग ती चुलीकडे वळायची.

तिने घर पुन्हा छान सारवलं. रांगोळी काढली. फक्त दाराजवळचा एक कोपरा तिने तसाच गाळाने भरलेला ठेवला. पोरांनी विचारलं, तो का नाही सारवला? ती म्हणाली, तो साहेबांसाठी राखून ठेवलाय.

तात्पर्य: घर स्वच्छ ठेवावं, पाहुण्यांना जेवू घालावं आणि आपलं दुःख चारचौघांत काढू नये. असं वागणाऱ्याला सरकार पळसाचं पान देतं. बांध हवा असेल, तर पाण्याला आधी राणीसाहेबांच्या घरची वाट दाखवावी.